ट्रान्सप्लांटनंतर घरी युरीन प्रोटीन बघायच्या स्ट्रिप्स : रोज वापरणाऱ्या आईचा रिव्ह्यू

रिव्ह्यू कशाचा ते आधीच सांगते म्हणजे ज्यांना उपयोग नाही त्यांचा वेळ जायला नको. लघवीतलं प्रोटीन घरच्या घरी बघायच्या ज्या स्ट्रिप्स मिळतात ना, प्लास्टिकची पातळ पट्टी आणि टोकाला छोटासा पिवळा चौकोन, त्यांच्याबद्दल लिहितेय. कुठल्या एका कंपनीबद्दल नाही, कारण मिळेल तशा वेगवेगळ्या कंपन्यांच्या वापरून झाल्यात आणि कामाच्या बाबतीत त्यात फार डावं-उजवं करण्यासारखं नाहीये, जे आहे ते पुढे सांगतेच. आणि हे लिहितेय ते मुख्य म्हणजे अशा आईबाबांसाठी ज्यांच्या मुलाचं किडनी ट्रान्सप्लांट झालंय किंवा व्हायचंय आणि ज्यांच्या फाईलवर एफएसजीएस (किडनीच्या चाळणीवर डाग पडतात तो आजार) किंवा स्टेरॉईड रेझिस्टंट नेफ्रोटिक (लघवीतून खूप प्रोटीन जाऊन अंग सुजतं आणि स्टेरॉईडने थांबत नाही तो) असं काहीतरी लिहिलंय. ट्रान्सप्लांटच्या आधी नेफ्रोटिकची वर्षं काढलेल्या घरांना या स्ट्रिप्स नव्या नसतात, रोज सकाळी ट्रेस (म्हणजे अगदी पुसटसं) की एक प्लस की तीन प्लस (जितके प्लस तितकं प्रोटीन जास्त) हे बघण्यातच आमचीही वर्षं गेलीयेत. पण ट्रान्सप्लांट झाल्यावर बरेच जण ती बाटली फेकून देतात, की आता नवी किडनी आली, आता कशाला. तर माझं म्हणणं एवढंच आहे की फेकू नका, उलट खरी गरज आता आहे.

का ते सांगते. नवी किडनी बसली की आजार संपला असं सगळ्यांना वाटतं, भेटायला येणारे तर हमखास म्हणतात की चला सुटलात एकदाचे. काही आजारांत ते खरंही आहे. पण एफएसजीएसमध्ये बऱ्याच मुलांचा मूळ बिघाड किडनीत नसतोच, तो रक्तात फिरत असतो. रक्तातलं काहीतरी किडनीच्या चाळणीवर जाऊन आपटतं, चाळणीच्या ज्या पेशी असतात, पोडोसाईट म्हणतात त्यांना, त्यांचे पाय चपटे होतात आणि अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रोटीन, गळायला लागतं. जुनी किडनी गेली तरी रक्त तेच आहे ना, मग नव्या किडनीवर पण तोच हल्ला होऊ शकतो. ते रक्तातलं नेमकं काय, हे डॉक्टर लोक पन्नासएक वर्षं शोधतायत, 1972 साली ट्रान्सप्लांटनंतर नेफ्रोटिक परत आल्याच्या पहिल्या केसेस छापून आल्या तेव्हापासून. अलीकडे काही पेशंट्समध्ये नेफ्रिन नावाच्या चाळणीतल्याच एका प्रोटीनविरुद्ध अँटिबॉडी सापडल्यात, पण सगळ्यांत नाही सापडत, म्हणजे एकच कारण नसणार.

मला स्वतःला हे सगळं पटलं ते एका केसमुळे, जी आमच्या डॉक्टरांनी सांगितली होती आणि नंतर मी शोधून वाचली. 2012 मध्ये शिकागोच्या डॉक्टरांनी ती छापलीये. एफएसजीएस असलेल्या एका तरुणाला त्याच्या बहिणीची किडनी बसवली, लगेच प्रोटीन धो धो जायला लागलं, काही केल्या थांबेना, शेवटी चौदाव्या दिवशी ती किडनी काढली आणि डायबेटिसने किडन्या गेलेल्या दुसऱ्या एका माणसाला बसवली. तिथे ती किडनी सुधारली, व्यवस्थित कामाला लागली. म्हणजे किडनीत दोष नव्हताच. हे मी मुद्दाम लिहितेय कारण ज्या आईने किंवा बाबांनी स्वतःची किडनी दिलेली असते ना, त्यांच्या मनात पहिलं हेच येतं की माझीच किडनी वाईट निघाली का. नाही हो, तुमची किडनी चांगलीच होती.

किती मुलांत हा आजार परत येतो तर पहिल्या ट्रान्सप्लांटनंतर साधारण शंभरातल्या तीसएक जणांत, काही ठिकाणी याहून जास्त आकडा सांगतात. पहिली किडनी याच कारणाने गेलेली असेल तर दुसऱ्या वेळी हाच आकडा ऐंशीच्या आसपास जातो. ज्या मुलांना सुरुवातीला स्टेरॉईड लागू पडलं होतं आणि नंतर लागू पडेनासं झालं त्यांच्यात धोका जास्त, आणि ज्यांच्या जेनेटिक टेस्टमध्ये दोष सापडलाय, म्हणजे पोडोसिन नावाच्या चाळणीतल्या प्रोटीनच्या जीनमध्ये आईबाबा दोन्हीकडून आलेला बिघाड वगैरे, त्यांच्यात अगदीच कमी, कारण त्यांचा बिघाड खरोखर चाळणीच्या पेशीतच होता आणि ती चाळणीच बदललीये. म्हणून ट्रान्सप्लांटच्या आधी जेनेटिक टेस्ट झाली नसेल तर विचारा, नक्की विचारा, त्या रिपोर्टवर पुढचं बरंच काही ठरतं.

आता स्ट्रिपकडे येते. परत येणारा हा आजार वेळ लावत नाही. काही मुलांत ऑपरेशन झाल्यावर काही तासांतच प्रोटीन दिसतं, बऱ्याच जणांत पहिल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत, आणि काही थोड्यांत महिन्यांनी किंवा वर्षांनी. हॉस्पिटलमध्ये असेपर्यंत लॅबवाले रोज बघतातच, तिथे तुमच्या स्ट्रिपची गरज नाही. घरी आल्यावर मात्र लॅब आठवड्यातून एक-दोनदा, मग हळूहळू पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. मधल्या दिवसांचं काय? डोळे सुजेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो, कारण सूज यायला रक्तातलं अल्ब्युमिन बरंच खाली यावं लागतं आणि तोवर चाळणीवर मार बसत राहतो. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा, तो तर त्याच्याही नंतर वाढतो. आणि उपचार जेवढा लवकर सुरू होईल तेवढं बरं असं सगळेच सांगतात. प्रोटीन सगळ्यात आधी दिसतं आणि ते दिसण्यासाठी एक मिनिट आणि एक पट्टी पुरते, ही या वस्तूची खरी किंमत आहे.

आमच्याकडे तेच झालं. लेकाला त्याच्या बाबांची किडनी बसवलीये. हॉस्पिटलमधले सगळे रिपोर्ट चांगले आले, घरी आलो, रोज सकाळची स्ट्रिप पिवळीच्या पिवळी. मग एका सकाळी पट्टीवरचा चौकोन हिरवट झाला. आधी फिकट पोपटी, मग बघता बघता गडद, चार्टवर धरलं तर दोन प्लस आणि तीन प्लसच्या मध्ये. लेक बाजूलाच उभा होता, त्याला रंग वाचता येतात, इतकी वर्षं तेच बघतोय तो, म्हणाला आई हा तर जुना रंग आहे. मी दुसरी पट्टी काढली, तीही तशीच. ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर ताईंना फोन केला, त्या म्हणाल्या आत्ताच्या आत्ता सॅम्पल घेऊन या. अंगावर सूज नव्हती, पोरगं खेळत होतं, भूक चांगली होती, वजनही वाढलेलं नव्हतं. स्ट्रिप नसती तर आम्ही पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत मजेत बसलो असतो. लॅबमध्ये प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो (लघवीतल्या प्रोटीनचं जास्त नेमकं माप) नेफ्रोटिकच्या घरात निघाला, बायोप्सी झाली, साध्या मायक्रोस्कोपखाली किडनी जवळजवळ नॉर्मल दिसत होती पण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पोडोसाईटचे पाय चपटे झालेले. सुरुवातीला असंच दिसतं म्हणे, डाग नंतर पडतात. लगेच प्लाझ्माफेरेसिस सुरू झालं, म्हणजे मशीनने रक्तातला प्लाझ्मा काढून त्याच्या जागी अल्ब्युमिनचं द्रावण वगैरे देतात, त्यातून ते जे काही रक्तात फिरतंय ते कमी व्हावं म्हणून, आणि सोबत रिटुक्सिमॅब, प्रतिकारशक्तीच्या बी-पेशी कमी करणारं औषध. सगळ्यांना हे लागू पडतंच असं नाही, काहींना पूर्ण, काहींना अर्धवट, काहींना नाहीच. आमच्याकडे अर्धवट-चांगलं म्हणता येईल असं आहे, सध्या ट्रेस ते एक प्लसमध्ये खेळतोय आणि क्रिएटिनिन टिकून आहे.

तर वस्तू म्हणून ती कशी आहे.

पट्टीच्या टोकाच्या चौकोनात एक रंगद्रव्य असतं आणि आम्लता धरून ठेवणारं बफर असतं. अल्ब्युमिन आलं की रंग पिवळ्याचा हिरवा आणि मग हिरवा-निळा होतो. चार्टवर साधारण असं असतं, ट्रेस, मग एक प्लस म्हणजे 30 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, दोन प्लस 100, तीन प्लस 300 आणि चार प्लस 2000 किंवा त्याहून जास्त. ही पट्टी मुख्यतः अल्ब्युमिनच पकडते, बाकीची प्रोटीनं तिला फारशी दिसत नाहीत, पण या आजारात जातं ते मुख्यतः अल्ब्युमिनच, त्यामुळे आपल्या कामाला ती बरोबर आहे.

वापरायला सोपी आहे पण निष्काळजीपणे वापरली तर चुकीचं सांगते आणि मग घरात उगाच हलकल्लोळ. सकाळची पहिली लघवी घ्यायची, स्वच्छ कोरड्या कपात. पट्टी बुडवायची आणि लगेच बाहेर काढायची, कपाच्या कडेला घासून जास्तीचा थेंब काढायचा आणि आडवी धरायची, उभी धरली की पाणी खाली ओघळतं आणि बाजूच्या चौकोनाचं रसायन यात मिसळतं. पट्टी बराच वेळ बुडवून ठेवली की ते बफर धुऊन जातं आणि प्रोटीन नसतानाही हिरवी होऊ शकते. मग बाटलीवर लिहिलेला वेळ थांबायचं, प्रोटीनसाठी बहुतेक कंपन्यांचा 60 सेकंद असतो, आणि दिवसाच्या उजेडात खिडकीशी नेऊन वाचायची. पिवळ्या बल्बखाली ट्रेस आणि निगेटिव्ह यात फरक कळतच नाही, आमच्याकडे या एका गोष्टीवरून सकाळी सकाळी वाद व्हायचे, बाबा म्हणणार निगेटिव्ह, मी म्हणणार ट्रेस, शेवटी खिडकी हाच नियम ठरला. पाच मिनिटांनी परत येऊन पट्टी बघू नका, तेव्हा दिसतो तो रंग धरायचा नसतो.

बाटलीची काळजी हा वेगळा विषय आहे आणि इथेच बहुतेक लोक फसतात. ओलावा हा या पट्टीचा शत्रू आहे. बाथरूममध्ये ठेवायची नाही, फ्रीजमध्ये तर अजिबात नाही कारण बाहेर काढली की आत दव धरतं. झाकणात किंवा तळाशी ओलावा शोषणारी पुडी असते ती फेकायची नाही. एक पट्टी काढली की झाकण लगेच घट्ट, आणि ओल्या हाताने आत बोट घालायचं नाही. उघडल्यावर किती दिवस चालते ते बाटलीवर लिहिलेलं असतं, बऱ्याच कंपन्यांचं तीन महिने आहे, ते एक्स्पायरी डेटपेक्षा वेगळं असतं, म्हणून बाटली उघडली की मार्करने त्यावर तारीख लिहायची. न वापरलेल्या पट्टीचा चौकोनच जर फिकट हिरवट किंवा तपकिरी दिसायला लागला तर बाटली बाद, भांडत बसू नका. आणि एका कंपनीची पट्टी दुसऱ्या कंपनीच्या चार्टवर कधीच वाचायची नाही, रंग जुळत नाहीत.

आता तक्रारी, ज्या मला खरंच आहेत.

पहिली आणि सगळ्यात मोठी म्हणजे पाणी. ट्रान्सप्लांट झालेल्या मुलांना भरपूर पाणी प्यायला सांगतात, त्यात लहान पोराच्या पोटात मोठ्या माणसाची किडनी बसवलेली असेल तर तिला रक्तपुरवठा नीट राहायला हवा म्हणून आणखीच. लघवी पाण्यासारखी पातळ होते, आणि पट्टी बघते ती एका डेसिलिटरमध्ये किती ते, दिवसभरात किती गेलं ते नाही. त्यामुळे पातळ लघवीत ट्रेस दिसला तर तो घट्ट लघवीतल्या ट्रेससारखा सोडून देण्यासारखा नसतो, प्रत्यक्षात बरंच जात असू शकतं. उलट उलट्या-जुलाब झाले, पाणी कमी गेलं, लघवी गडद झाली की काहीही नसताना ट्रेस किंवा एक प्लस येऊ शकतो. म्हणूनच डॉक्टर प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो करतात, त्यात लघवी पातळ आहे की घट्ट याचा हिशोब आपोआप होतो. दोन वर्षांवरच्या मुलांत तो 0.2 च्या खाली असावा आणि 2 च्या वर गेला की नेफ्रोटिकच्या रेंजमध्ये धरतात. स्ट्रिप त्याची जागा घेऊ शकत नाही, घेईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. घरच्या पट्टीने फोन कधी करायचा ते कळतं, निदान कळत नाही.

दुसरी तक्रार त्या तीन प्लसबद्दल. बघा, तीन प्लस 300 ला आणि चार प्लस एकदम 2000 ला. मध्ये काहीच पायरी नाही. प्लाझ्माफेरेसिस चालू असताना लेकाचा लॅबमधला रेशो चांगला खाली येत होता, डॉक्टर खूश होते, आणि घरी मात्र पट्टी रोज तीन प्लस, तीन प्लस, तीन प्लस. अठराशेवरून चारशेवर आलं तरी पट्टीला ते एकच. ज्या दिवसांत आईबाबांना थोडासा दिलासा हवा असतो नेमके त्याच दिवसांत ही वस्तू मुकी होते. मी तेव्हा रोज पट्टी बघून रडकुंडीला यायचे, मग डॉक्टरांनीच सांगितलं की या टप्प्यात आमचा आकडा बघा, पट्टी खाली यायला लागेल तेव्हा तिच्याकडे परत वळा. तसंच झालं. पण कंपन्यांनी मध्ये एखादी पायरी द्यायला हवी, निदान आपल्यासारख्यांसाठी.

तिसरी, खोटी घंटा. लघवी फार अल्कलाईन असेल तर पट्टी हिरवी होते. काही अँटिसेप्टिक, क्लोरहेक्सिडिन वगैरे, त्याने पुसल्यावर लगेच सॅम्पल घेतलं तरी होते. ताप असेल तर खरंच थोडं प्रोटीन जातं पण ते तात्पुरतं असतं. ट्रान्सप्लांटनंतर सुरुवातीला आणखी एक गोंधळ असतो जो आम्हाला आधी कुणी नीट सांगितला नव्हता, की मुलाच्या जुन्या किडन्या काढलेल्या नसतील आणि त्या थोडी लघवी करत असतील तर त्यांचंही प्रोटीन त्यातच येतं. ते सहसा पहिल्या काही आठवड्यांत कमी होत जातं, पण तोवर कुठल्या किडनीचं प्रोटीन हे पट्टीला काय कळणार. म्हणून ट्रान्सप्लांटच्या आधीचा प्रोटीनचा आकडा फाईलमध्ये हाताशी ठेवा, तुलना त्याच्याशी करायची असते. आणि प्रोटीन दिसलं म्हणजे आजारच परत आला असंही नाही, रिजेक्शन (शरीराने नवी किडनी नाकारणं), एखादं औषध, इन्फेक्शन, बरीच कारणं असतात, त्यासाठीच बायोप्सी करतात.

एक चौकोनवाली घ्यावी की दहा चौकोनवाली, हे मला बऱ्याच आया विचारतात. माझं मत, रोजच्यासाठी फक्त प्रोटीनची किंवा प्रोटीन आणि ग्लुकोज अशी दोन चौकोनांची पुरे. दहावाल्या पट्टीत रक्त, पांढऱ्या पेशी, नायट्राईट (इन्फेक्शनची खूण), पीएच, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (लघवी किती घट्ट ते) असं सगळं असतं आणि ट्रान्सप्लांट झाल्या झाल्या युरेटरमध्ये, म्हणजे किडनीतून मूत्राशयात येणाऱ्या नळीत, स्टेंट (तात्पुरती बारीक नळी) असतो, तो काढेपर्यंत रक्ताचा आणि पांढऱ्या पेशींचा चौकोन रंगलेलाच दिसतो बऱ्याचदा, ते बघून आईबाबांची झोप उडते. रोज दहा गोष्टींची भीती घ्यायची गरज नाही. पण दहावालीची एक बाटली घरात असलेली बरी, ताप आला किंवा लघवीला जळजळ झाली तर नायट्राईट आणि पांढऱ्या पेशी बघता येतात आणि फोनवर डॉक्टरांना नेमकं सांगता येतं. स्पेसिफिक ग्रॅव्हिटीचा चौकोनही कामाचा आहे, 1.005 दिसलं तर लघवी पातळ आहे, मग ट्रेसकडे जरा गांभीर्याने बघायचं. ग्लुकोजचा चौकोन मी मुद्दाम म्हणतेय कारण स्टेरॉईड आणि टॅक्रोलिमस (नवी किडनी नाकारली जाऊ नये म्हणून देतात ते औषध) दोन्हीने साखर वाढू शकते. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या चालू असतील तर रक्त, ग्लुकोज आणि नायट्राईटचे चौकोन चुकीचं निगेटिव्ह दाखवू शकतात, हेही लक्षात असू द्या.

फोनच्या कॅमेऱ्याने रंग वाचणाऱ्या किट्सही आल्यात. उजेडाचा आणि नजरेचा वाद मिटतो आणि रेकॉर्ड आपोआप राहतं, एवढा फायदा आहे. ज्यांना रंग ओळखायला त्रास होतो त्यांनी जरूर घ्यावी. बाकीच्यांना एक वही आणि खिडकी पुरेशी आहे. वहीत आम्ही तारीख, प्लस किती, सकाळचं वजन, बीपी आणि त्या दिवशी काही वेगळं झालं असेल तर ते, एवढंच लिहितो. ओपीडीत डॉक्टर आधी वही मागतात. पट्टीचा फोटो काढून कोऑर्डिनेटर ताईंना पाठवत असाल तर साठाव्या सेकंदाला, चार्ट शेजारी धरून, फ्लॅश बंद ठेवून काढा.

कुणी घेऊ नये, किंवा घेतली तरी तिच्या भरवशावर राहू नये, तेही सांगायला हवं कारण परत येणारे आजार एकच नाहीत आणि प्रत्येकाची घंटा वेगळी आहे. एटिपिकल एचयूएस (बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन किडनी बिघडते तो आजार) असेल तर तिथे गडबड कॉम्प्लिमेंट सिस्टिमची, म्हणजे रक्तातल्या संरक्षण करणाऱ्या प्रोटीनच्या साखळीची असते, प्लेटलेट पडतात, एलडीएच (पेशी फुटल्या की वाढणारं एन्झाइम) वाढतं, हिमोग्लोबिन उतरतं, बीपी चढतं, पट्टीवर प्रोटीन आणि रक्त दिसेल पण फक्त पट्टी बघत बसलात तर महत्त्वाचं निसटेल, तिथे रक्ताच्या तपासण्याच हव्यात. त्यातही फॅक्टर एचचा (कॉम्प्लिमेंटला आवर घालणारं रक्तातलं प्रोटीन) दोष असेल तर परत यायचा धोका फार मोठा आणि एमसीपीचा (तेच काम पेशींवर बसून करणारं प्रोटीन) असेल तर कमी, कारण एमसीपी किडनीच्या स्वतःच्या पेशींवर असतं आणि नव्या किडनीसोबत ते चांगलं येतं. या आजारासाठी एकुलिझुमॅब नावाचं औषध 2011 पासून आलंय आणि त्याने चित्र बरंच बदललंय. प्रायमरी हायपरऑक्झाल्युरियाचा पहिला प्रकार असेल तर बिघाड लिव्हरमध्ये असतो, लिव्हर ऑक्झलेट नावाचा क्षार जास्तीचा बनवत राहतं आणि ते नव्या किडनीत जाऊन साठतं, म्हणूनच लिव्हर आणि किडनी दोन्हीचं ट्रान्सप्लांट करत आलेत, आता 2020 पासून लुमासिरान नावाचं इंजेक्शनही मिळायला लागलंय. तिथे प्रोटीनची पट्टी काहीच सांगणार नाही, ऑक्झलेट मोजावं लागतं. आयजीए नेफ्रोपथीमध्ये (आयजीए नावाची अँटिबॉडी किडनीच्या चाळणीत साठते तो आजार) रक्ताचा चौकोन जास्त बोलतो, तो बायोप्सीत परत दिसतो बऱ्याचदा पण सुरुवातीच्या वर्षांत किडनी घेऊन जातो असं कमी होतं. सी3 ग्लोमेरुलोपथी (कॉम्प्लिमेंटचाच सी3 हा भाग चाळणीत साठतो तो आजार) परत यायला फार वाईट, तिथे प्रोटीन आणि रक्त दोन्ही बघा.

आणि ज्या मुलांच्या किडन्या जन्मतःच नीट तयार झाल्या नव्हत्या किंवा युरेथ्रल व्हॉल्व्हमुळे (मूत्रमार्गातला जन्मजात पडदा) गेल्या, मुलांमध्ये ट्रान्सप्लांट होणाऱ्यांत ही मोठी संख्या आहे, त्यांच्यात आजार परत येण्याचा प्रश्नच नाही. सिस्टिनोसिस (पेशींत सिस्टिन साठत जातं तो जन्मजात आजार) पण नव्या किडनीत परत येत नाही, बाकी शरीरासाठी औषध चालू ठेवावं लागतं पण किडनी सुरक्षित. अशा घरांनी आमच्यासारखं रोज पट्टी बघत बसायची गरज नाही, तुमच्याकडे ब्लॅडर आणि इन्फेक्शन हा खरा विषय आहे, डॉक्टर सांगतील तेव्हा बघा. उगाच दुसऱ्याच्या आजाराची भीती स्वतःच्या घरात आणू नका.

मुलांबद्दल एक. मोठं मूल असेल तर पट्टी त्यालाच करू द्या. आमच्या लेकाने ती स्वतःकडे घेतली तेव्हापासून सकाळचा ताण कमी झाला, टायमर तो लावतो, वहीत तो लिहितो. मात्र रंग बदलला की घरातल्या मोठ्यांचे चेहरे कसे होतात ते मुलं बरोबर टिपतात, म्हणून आम्ही ठरवलं की पट्टी कशीही आली तरी आवाज तोच ठेवायचा, बरं, लिहून ठेव, आणि मग बाहेर जाऊन फोन करायचा. पट्टी वाईट आली तर ते काही त्याने चुकीचं केल्यामुळे नाही, हे त्याला बरेचदा सांगावं लागतं. काल पाणी कमी प्यायलो म्हणून झालं का, असं विचारतो तो.

फोन कधी करायचा हे घेतानाच तुमच्या टीमकडून ठरवून घ्या आणि बाटलीवर चिकटवा. आमच्या टीमने दिलेला नियम असा की तीन प्लस आली तर त्याच दिवशी, दोन प्लस लागोपाठ दोन सकाळी आली तर फोन, ट्रेस किंवा एक प्लस असेल तर वहीत लिहायचं आणि बाकी काही लक्षण असेल तरच कळवायचं. तुमचा नियम वेगळा असू शकतो, आमचा उचलून वापरू नका. आणि पट्टी बघून औषधाचा डोस स्वतः वर-खाली करणं हे कधीच, अगदी कधीच करू नका, टॅक्रोलिमसची लेव्हल हलली तर रिजेक्शन होऊ शकतं आणि मग दोन संकटं एकदम.

घेताना मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. रोज एक पट्टी वापरत असाल तर शंभरची बाटली तीन महिन्यांत जवळजवळ संपते, आठवड्यातून दोनदा बघायला लागलात की अर्ध्याहून जास्त पट्ट्या उघडल्यानंतरची मुदत संपून वाया जातात, किंवा वाया जाऊ नयेत म्हणून आपण वापरत राहतो आणि ते जास्त वाईट. पन्नास किंवा पंचवीसची मिळाली तर ती घ्या. प्रवासात पूर्ण बाटली न्या, दोन पट्ट्या कागदात गुंडाळून नेल्या तर ओलावा धरून बाद होतात.

माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. एक कापलाय तो त्या 300 ते 2000 मधल्या रिकाम्या जागेसाठी.